महामहोपाध्याय मिराशी आणि आपला इतिहास

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



आपल्या मेळाव्यात दरवर्षी कुलवृत्तांताचा विषय निघतो. आपण मूळचे कोठले, वैनगंगेच्या खोऱ्यात केव्हा आलो, कोणत्या राजाच्या पदरी होतो, याविषयी प्रत्येक घराण्याची काही ना काही कथा असते आणि ती पुढे स्मरणिकेत छापूनही येते. म्हणूनच, ज्यांनी आपल्या प्रदेशाचा प्राचीन इतिहास दंतकथांतून सोडवून पुराव्याच्या भूमीवर उभा केला, त्या महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी यांचे चरित्र आज आपणांपुढे ठेवण्याचे मी योजिले आहे. ते आपल्या ज्ञातीचे नव्हत. जन्माने या प्रांताचेही नव्हत. तरीपण आपल्यावर त्यांचे ऋण मोठे आहे.

मिराशींचा जन्म १३ मार्च १८९३ रोजी कोकणात, तेव्हाच्या रत्नागिरी जिल्ह्यातील कुवळे या गावी झाला. उच्च शिक्षण संपवून ते १९१९ साली नागपूरच्या मॉरिस कॉलेजात संस्कृतचे प्राध्यापक म्हणून आले आणि विदर्भाचेच होऊन राहिले. पुढे अमरावतीच्या विदर्भ महाविद्यालयाचे ते प्राचार्य झाले. नागपूर विद्यापीठातील प्राचीन भारतीय इतिहासाच्या विभागाची धुराही त्यांनी वाहिली. १९४१ साली त्यांना महामहोपाध्याय ही पदवी आणि १९७५ साली पद्मभूषण हा किताब मिळाला. ३ एप्रिल १९८५ रोजी, वयाच्या ९२ व्या वर्षानंतर, त्यांचे देहावसान झाले.

संस्कृतचा अध्यापक म्हटला म्हणजे काव्यनाटकांत रमणारा, अशी आपली समजूत असते. मिराशी त्यांत रमलेही. कालिदासावरील त्यांचा ग्रंथ १९३४ साली निघाला. परंतु त्यांचे खरे जीवितकार्य म्हणजे शिलालेख आणि ताम्रपट यांचे वाचन होय. भारतातील प्राचीन लेखांची जी बृहत् ग्रंथमाला सरकारने काढली, तिचे तीन खंड त्यांनी एकट्याने संपादिले. कलचुरींच्या लेखांचा खंड १९५५ साली, वाकाटकांचा १९६३ साली आणि शिलाहारांचा १९७७ साली प्रसिद्ध झाला. शेवटचा खंड निघाला तेव्हा त्यांचे वय ८४ वर्षांचे होते, हे तरुण मंडळींनी ध्यानी घ्यावे.

ताम्रपट म्हणजे काय, हे मुलांसाठी थोडे सांगतो. राजाने गाव किंवा जमीन दान दिली म्हणजे ती सनद तांब्याच्या पत्र्यांवर कोरीत, पत्रे कडीत ओवीत आणि कडीला राजमुद्रा लावीत. तीत राजाची वंशावळ, दानाचे वर्ष, दान घेणाऱ्याचे गोत्र व शाखा, आणि पुष्कळदा त्या गावाच्या चतुःसीमा असत. संशोधक चारी दिशांच्या गावांची नावे आजच्या नकाशावर शोधतो. एक नाव जुळले तर तो योगायोग असू शकेल. पण तीनचार नावे आपापल्या दिशेस जुळली, म्हणजे दिलेले गाव सापडले असे तो म्हणतो. मिराशींनी अशा रीतीने अनेक गावांचा थांग लावला.

त्यांच्या काटेकोरपणाचे एक उदाहरण देतो. १९३९ साली वाशीम येथे वाकाटक राजा दुसरा विंध्यशक्ती याचा ताम्रपट उजेडात आला. वाकाटकांची एक शाखा वत्सगुल्म म्हणजे वाशीम येथे राज्य करीत होती, हे त्यावरून निश्चित झाले. तिचा मूळ पुरुष सर्वसेन. अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यातील झिजलेल्या लेखात हेच नाव होते. परंतु आधीच्या विद्वानांनी ते रुद्रसेन असे वाचले होते. ते वाचन मिराशींनी दुरुस्त केले. दोन अक्षरे नीट लागली आणि एक राजशाखा विस्मृतीतून वर आली!

आता आपल्या भूमीविषयी. पवनी येथे भार कुळातील भगदत्त राजाचा शिलालेख आहे. तो मिराशींनी वाचून प्रसिद्ध केला. १९६९-७० साली तेथे उत्खनन होऊन बौद्ध स्तूपांचे अवशेष निघाले, त्याच्या कितीतरी आधी हे घडले. वाकाटकांच्या ताम्रपटांत बेण्णा नदीचा उल्लेख येतो. ती आपली वैनगंगा, असे त्यांनी दाखविले. महाकवी भवभूती आपल्या पूर्वजांचे नगर पद्मपूर असे सांगतो. ते पद्मपूर म्हणजे आमगावजवळील पदमपूर, हे मत मिराशींनी मांडले. हा भाग तेव्हा भंडारा जिल्ह्यात होता; १९९९ पासून तो गोंदिया जिल्ह्यात आहे. आमगावच्या महाविद्यालयालाही आज भवभूतीचेच नाव आहे.

परंतु बंधुभगिनींनो, येथेच एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. गावाचे नाव जुळले, एवढ्यावर मिराशी थांबले नाहीत. वाकाटकांचा एक अपुरा ताम्रपट पद्मपूरहून दिलेला आहे आणि तो दुर्ग भागात मिळाला आहे, हा आधार त्यांनी जोडला. स्थानिक अवशेषांचा विचार केला. विरुद्ध मते मांडून त्यांना उत्तरे दिली. प्रदेशाचा अभिमान त्यांना होता; पण त्यांच्या लेखनात आधी पुरावा येई आणि मागाहून अभिमान.

आपल्या कुलवृत्तांतांत हा क्रम बहुधा उलटा असतो. आपले कूळ अमुक राजापासून निघाले, हे आपण आधी ठरवितो आणि मग आधार शोधतो. आधार मिळाला नाही तरी छापतो. पुढची पिढी ते छापील म्हणून खरे मानते. यात पूर्वजांचा गौरव होत नाही. ज्या कष्टाळू माणसांनी खरोखर ही जमीन कसली, तळी बांधली, त्यांची नावे मात्र राजांच्या नावांखाली बुजून जातात.

म्हणून मंडळापुढे माझी एक सूचना आहे. पुढील स्मरणिकेपासून प्रत्येक वंशावळीपुढे 'लेखी' किंवा 'ऐकीव' असे स्पष्ट लिहावे. ऐकीव माहिती टाकून देऊ नये. पण ती ऐकीव म्हणूनच छापावी. लेखी असेल तर कागद कोणाच्या घरी आहे, तेही नमूद करावे.

आणि घरच्या कागदांना जपावे. १९५१ साली मालगुजारी संपली, तेव्हापासून जुनी दप्तरे निरुपयोगी ठरून माळ्यावर पडली. कित्येक वाळवीने खाल्ली, कित्येक रद्दीत गेली. मोडीतील खरेदीखते, जमाबंदीचे कागद, लग्नाच्या याद्या, भाटांच्या वह्या, यांतच आपला खरा इतिहास आहे. मोडी वाचता येत नाही म्हणून कागद फेकू नका. वाचणारा आज ना उद्या मिळेल. शेतात तांब्याचा पत्रा किंवा नाणी सापडली, तर चिंचेने घासून उजळू नका आणि मोडीतही घालू नका. १८७८ च्या निखात निधी कायद्यान्वये अशा निधीची खबर जिल्हाधिकाऱ्यांस देणे बंधनकारक आहे.

वाशीमचे पत्रे भट्टीत वितळले असते, तर सर्वसेनाचे नाव मिराशींनाही पुरेशा आधाराने सांगता आले नसते. विद्वान वाचील, पण जपणे हे तुमचे आमचे काम आहे. ते आपण करावे, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.