यंत्राचीं दारें



जुन्नराहून नाणेघाटाची वाट जे चालले असतील, त्यांस घाटमाथ्यावरील दगडी रांजण आठवत असेल. सातवाहनकाळीं कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांतून वर येणाऱ्या मालाची जकात त्यांत पडे, अशी समजूत आहे. वाट एकच, माल मात्र नानाविध.

युनिक्स पद्धतीच्या संगणकाचेंहि असेंच आहे. तार एकच, परंतु तीवरून टपाल, वेबचीं पानें, दूरस्थ प्रवेश सर्व कांहीं येतें. कोणतें कोणाकडे द्यावयाचें हें ठरविण्यासाठीं प्रत्येक सेवेस क्रमांक असतो. त्यास पोर्ट म्हणतात. हे क्रमांक ० पासून ६५५३५ पर्यंत चालतात. टपालास २५, वेबला ८०, सुरक्षितपणें दूरून शिरण्यास २२. १०२४ च्या खालचे क्रमांक उघडण्याचा अधिकार परंपरेनें यंत्राच्या मुख्य कारभाऱ्याचा, म्हणजे ‘रूट’चा.

प्रत्येक सेवेचा सेवक आपल्या दाराशीं ताटकळत बसला तर यंत्राची स्मृति उगाच अडते. म्हणून ‘आयनेटडी’ नांवाचा एकच द्वारपाल नेमीत. तो सर्व दारांवर कान ठेवी व हांक आली कीं त्या त्या सेवकास उठवी. त्याची यादी साध्या अक्षरांत, एका ओळीस एक सेवा, अशी असे. नको त्या ओळीच्या आरंभीं एक खूण घालावी, द्वारपालास यादी पुन्हां वाचावयास सांगावें, कीं दार बंद! आतां लिनक्सवर हें काम बहुधा ‘सिस्टमडी’ करतो.

एवढी दक्षता कशासाठीं? २ नोव्हेंबर १९८८ रोजीं रॉबर्ट मॉरिस या विद्यार्थ्यानें सोडलेला एक प्रोग्रॅम हजारों यंत्रांत शिरला. त्याच्या वाटांपैकीं एक होती ‘फिंगर’ ही सेवा. यंत्रावर कोण हजर आहे, एवढेंच ती सांगे. इतकी निरुपद्रवी!

परंतु दार लावण्याचीहि रीत असते. ती मी आंबेगांव तालुक्यांत शिकलों. घोडेगांवच्या एका संस्थेचें यंत्र मी पुण्यांत बसून सांभाळीत असें. एका सायंकाळीं उत्साहाच्या भरांत मीं सर्व दारांस अडसर घातला. ज्या २२ क्रमांकानें मी स्वतः आंत गेलों होतों, त्यासहि. संबंध जागच्या जागीं तुटला. दुसऱ्या पहाटे एस्. टी. गांठून मंचरमार्गें घोडेगांवास गेलों, तो केवळ एक ओळ दुरुस्त करण्यासाठीं!

तेव्हांपासून कोणकोणत्या सेवा कान लावून बसल्या आहेत, हें मी प्रथम ‘एसएस’ या आज्ञेनें पाहतों. मग दहा मिनिटांनीं जुने नियम आपोआप परत लागू होतील अशी तजवीज करून नवे नियम घालतों, आणि दुसऱ्या जोडणीनें आंत येतां येतें असें पाहिल्यावरच ती तजवीज रद्द करतों.