इंजिन बदलतांना : निर्वात आणि इंधन

जुनी मोटार मोडींत घालण्यापेक्षां तिचें पेट्रोलचें इंजिन काढून त्या जागीं डिझेलचें बसवावें, हा विचार आपल्याकडे पुष्कळ वर्षें चालत आलेला आहे. जीप आणि अँबॅसॅडर यांच्यावर तर गांवोगांवच्या मिस्त्र्यांनीं हा प्रयोग केला. इंजिन बसतें, गिअरबॉक्सशीं जुळतें, सुरूही होतें. आणि मालक पेढे वांटतो. परंतु जुन्या इंजिनाला जोडलेल्या बोटाएवढ्या नळ्यांचें पुढें काय झालें, हें विचारणारा क्वचितच भेटतो. आज त्या नळ्यांविषयीं बोलावयाचें आहे.

पेट्रोलच्या इंजिनांत हवेच्या वाटेवर थ्रॉटलची झडप असते. पाय काढला कीं ती जवळजवळ मिटते. दट्ट्या मात्र हवा ओढीतच राहतो. त्यामुळें झडपेच्या आंतल्या बाजूस निर्वात उत्पन्न होतो. इंजिन मंद गतीनें चालत असतां तो सुमारें १८ ते २० इंच पारा इतका भरतो. हें फुकटचें बळ पाहून कारागिरांनीं त्याच्याकडून अनेक कामें करून घेतलीं. पूर्वींच्या पुष्कळ मोटारींत पावसाची काच पुसणारा हातही त्यावरच चाले. घाट चढतांना पाय दाबला, म्हणजे झडप उघडून निर्वात नाहींसा होई, आणि ऐन पावसांत तो हात थबकून राही!

काच पुसली नाहीं तर गाडी थांबवितां येते. ब्रेकचें तसें नाहीं. ब्रेकच्या बूस्टरमध्यें एक पडदा असतो. त्याच्या एका बाजूस निर्वात, आणि पेडल दाबतांच दुसऱ्या बाजूस बाहेरची हवा. पडद्याचा व्यास ८ इंच धरल्यास क्षेत्रफळ सुमारें ५० चौरस इंच होतें. निर्वात १८ इंचांचा असेल, तर दर चौरस इंचास ९ रत्तल, म्हणजे एकूण ४५० रत्तलांचा जोर चालकाच्या पायास मिळतो. हा जोर हवा देते, पाय नव्हे.

आतां डिझेल. बहुतेक डिझेल इंजिनांत थ्रॉटलच नसतो. शक्ति कमीजास्त करावयाची ती इंधनाच्या मापानें. हवेची वाट सदैव मोकळी, म्हणून निर्वात जवळजवळ नाहींच. जुन्या बूस्टरची नळी अशा इंजिनाच्या हवेच्या नळीस जोडणें म्हणजे कोरड्या विहिरीवर रहाट बसविणें होय. येथें इंजिनानें फिरणारा स्वतंत्र व्हॅक्युम पंप पाहिजे. कित्येक इंजिनांत तो डायनामोच्या, म्हणजे आल्टरनेटरच्या, पाठीसच बसविलेला असतो. बूस्टरच्या तोंडाशीं एकमार्गी झडप असते, ती सांठलेला निर्वात राखते; पण तो एक-दोन वेळां पेडल दाबण्यापुरताच. बोरघाट उतरतांना तेल वांचविण्यासाठीं इंजिन बंद करणारे शहाणे आजही आहेत, त्यांनीं हें ध्यानांत घ्यावें. नळीही जाड भिंतीची हवी. साधी रबरी नळी आंतून ओढली जाऊन चपटी होते, आणि वरून पाहणारास कांहीं दिसत नाहीं.

इंधनाची गोष्ट वेगळी. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीस बहुधा टाकीपासून इंजिनापर्यंत एकच नळी पुरे. डिझेलचा पंप लागतें त्याहून अधिक तेल घेतो व उरलेलें परत पाठवितो. त्यासाठीं टाकीपर्यंत दुसरी नळी न्यावीच लागते. टाकी धुवून गंज काढावा, कारण त्या पंपाचे बारीक भाग डिझेलनेंच वंगण पावतात. पेट्रोल वा पाणी मिसळलें कीं झिजतात. पाणी डिझेलहून जड असल्यानें तळाशीं बसतें, तें वेगळें काढणारा फिल्टर वाटेंत असावा.

सर्वांत फसविणारा दोष ओढ असलेल्या बाजूच्या जोडांचा. तेथें फट असली तरी इंजिन चालू असतां तेल बाहेर गळत नाहीं. हवा आंत शिरते. हवा दबते, तेल दबत नाहीं. म्हणून रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळीं सुरूच होत नाहीं, आणि मालक बिचारा नवी बॅटरी आणतो. जोड तपासून हवा काढून टाकली कीं काम भागतें.

आणखी एक. ठिणगी तोडून पेट्रोलचें इंजिन थांबतें. डिझेलास ठिणगीच नाहीं, त्याचें तेल तोडावें लागतें. १९७६ पासून निघालेल्या मर्सिडीझच्या १२३ मालिकेच्या डिझेल मोटारींत हें कामही निर्वातच करी. बजाज टेंपो कंपनीनें भारतांत बनविलेलें २.४ लिटरचें इंजिन मर्सिडीझच्या याच कुळांतलें. ज्या गाडींत ही योजना आहे, तींत निर्वाताची एखादी नळी फुटली कीं किल्ली काढूनही इंजिन धडधडत राहतें!

१९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणें इंजिन बदलण्याची नोंद व संमति नोंदणी-अधिकाऱ्याकडून घ्यावी लागते. ती आधींच घ्यावी.

गाडी हातांत आल्यावर सपाट जागीं एक परीक्षा करावी. इंजिन बंद ठेवून पेडल कठीण होईपर्यंत पांच-सहा वेळां दाबावें, शेवटीं दाबूनच धरावें, आणि इंजिन सुरू करावें. पेडल पायाखालीं किंचित् खालीं गेलें तर बूस्टरला निर्वात पोंचत आहे. गेलें नाहीं, तर त्याच पावलीं गाडी मिस्त्र्याकडे परत न्यावी. घाटाची वाट धरूं नये.