तक्त्यातली अट कितीदा तपासावी?

वेबपानावरचा तक्ता दिसतो एकसंध, पण तयार होतो ओळीओळीने. एखादा रकाना दाखवायचा की लपवायचा हे ठरवणारी अट त्यामुळे प्रत्येक ओळीला नव्याने तपासली जाऊ शकते.

वाशीच्या कृषी उत्पन्न बाजार समितीच्या आवारात कांदा-बटाटा, भाजीपाला, फळे, मसाला आणि धान्य अशी पाच मार्केटे आहेत. इथल्या भावांचा तक्ता मांडायचा तर शेतमाल, जात, परिमाण, आवक, कमीत कमी दर, जास्तीत जास्त दर आणि सर्वसाधारण दर असे ७ रकाने होतात. समजा, प्रत्येक रकान्यावर ‘पाहणारा नोंदणीकृत व्यापारी आहे का?’ ही अट लावली. ओळी २०० असतील तर तोच प्रश्न १४०० वेळा विचारला जातो आणि उत्तर दर वेळी तेच मिळते. नुसती खरे-खोटे तुलना असेल तर संगणकाला त्याचे काही वाटत नाही. पण प्रत्येक प्रश्नामागे डेटाबेसची एक फेरी असेल, आणि फेरीला ५ मिलिसेकंद लागत असतील, तर ७ सेकंद तिथेच गेले. दहा ओळींवर चाचणी घेणाऱ्याला हे फारसे जाणवत नाही.

जावा सर्व्हर फेसेस या वेबपाने बनवण्याच्या चौकटीत ही खोड जुनीच. तिथे घटकाची ‘रेंडर्ड’ अट पान रंगवताना तपासली जाते, आणि फॉर्म परत आल्यावरही निरनिराळ्या टप्प्यांत तपासली जाते. अँग्युलर या दुसऱ्या चौकटीत पानाच्या साच्यात थेट फंक्शन लिहिले, तर बदल शोधण्याच्या प्रत्येक फेरीत ते चालते.

उपाय साधा आहे. मालाचा ट्रक फाटकावर एकदा तपासला की गाळ्यागाळ्यावर पुन्हा कागद मागत नाहीत. तसेच इथे: अटीचे उत्तर तक्ता सुरू होण्याआधी काढून एका चलात ठेवायचे आणि रकान्यांनी फक्त ते चल वाचायचे. व्ह्यू (Vue) या चौकटीतील ‘कम्प्युटेड’ गुणधर्म हेच काम करतो. ज्या माहितीवर तो अवलंबून आहे ती बदलेपर्यंत जुने उत्तर कायम राहते.

ओळीवर अवलंबून असलेली अट मात्र अशी बाहेर काढता येत नाही. ‘आवक शून्य असेल तर दर लपवा’ हे प्रत्येक शेतमालासाठी वेगळे ठरते. तिथे ओळी आणतानाच उत्तर सोबत आणावे. साठवलेल्या उत्तराचे आयुष्यही पानाच्या त्या एका मागणीपुरतेच असावे. ते सर्व्हरवर सगळ्यांसाठी सामाईक राहिले, तर एका व्यापाऱ्यासाठी उघडलेला रकाना पुढच्या अनोळखी पाहुण्यालाही दिसेल.