लसूणघासाचं तिसरं वर्ष

(निरगुडसर येथील व्याख्यानमालेत दिलेलं व्याख्यान)

पत्रिकेवर विषय छापलाय ‘चारापिकं आणि दुग्धव्यवसाय’. दुधाचा दर वाढवणं माझ्या हातात नाही, तेव्हा विषयाचा उत्तरार्ध मी आत्ताच सोडून देतो. (हशा) पूर्वार्धातलंही मी एकच पीक धरणार आहे, आपला लसूणघास, आणि त्याचाही जमिनीखालचा भाग. लसूणघासात प्रथिनं किती, मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नत्र कसा बांधतात, ओला कोवळा घास उपाशी जनावरापुढे टाकला की पोट कसं फुगतं, हे या सभागृहात कुणाला सांगायला नको. मला सांगायचंय ते एवढंच, की आपण घासाची जात चुकीच्या वर्षी आणि चुकीच्या टोकाकडून पारखतो. पहिल्या वर्षीची पेंढी डोक्यावर जड लागली की जात चांगली, असा आपला हिशोब. माझं म्हणणं, बहुवार्षिक घासाची परीक्षा तिसऱ्या वर्षी घ्यावी आणि ती मुळीवर घ्यावी.

आधी या मुळीचं काम बघू. घासाचं बी रुजलं की एक सोटमूळ सरळ खाली सुटतं. अमेरिकेत नेब्रास्कात जॉन वीव्हर नावाच्या शास्त्रज्ञानं १९२० च्या दशकात शेतात खंदक खणून पिकांची मुळं उभीच्या उभी उघडी केली. त्यात लसूणघासाचं मूळ मोकळ्या, खोल जमिनीत पहिल्या हंगामातच पाच-सहा फूट गेलेलं दिसलं. रोप वाढताना मुळाचा वरचा भाग आखडतो आणि बुडखा थोडा मातीत ओढून घेतो. त्यामुळे विळा जमिनीलगत फिरला तरी बुडख्यावरचे डोळे वाचतात. कापणीनंतर पानं नसतात, म्हणजे अन्न तयार करणारं काही उरत नाही. तेव्हा नवा फुटवा मुळात साठलेल्या स्टार्चवर आणि प्रथिनांवर उठतो. गाठींचं नत्र बांधणंही कापल्यावर एक-दोन दिवसांत बहुतांशी थंडावतं आणि नवी पानं आल्यावर परत सुरू होतं. म्हणजे मुळी ही कणगी आहे. साधारण पहिले दोन आठवडे ती रिती होत जाते, मग भरायला लागते. शिफारस आहे पहिली कापणी ५० ते ५५ दिवसांनी आणि पुढच्या २५ ते ३० दिवसांनी. गोठ्यात ओढ लागली म्हणून विसाव्या दिवशी विळा घातला तर त्या दिवशी वैरण मिळते, पण कणगी भरायच्या आत आपण तिच्यात हात घातलेला असतो. असं वर्षभर चाललं की वाफ्यात टक्कल पडतं, आणि मग आपण म्हणतो, बियाणं खोटं निघालं.

आता जातींकडे येऊ. सगळ्या लसूणघासांची मुळं सारखी नसतात. जांभळ्या फुलाचा नेहमीचा घास मुख्यतः सोटमुळाचा. त्याचा एक पिवळ्या फुलाचा, थंड मुलखातला भाऊबंद आहे. त्याची मुळं जास्त फांद्या फोडतात, बुडखा रुंद आणि मातीत खोल बसतो. या दोघांच्या संकरातून कॅनडात स्विफ्ट करंट इथल्या केंद्रानं १९५५ मध्ये ‘रॅम्बलर’ नावाची जात दिली. तिची मुळं आडवी पसरतात आणि त्या मुळांतून नवे कोंब वर येतात. मिनेसोटात संशोधकांनी सोटमुळी आणि फांदीमुळी रोपं वेगवेगळी निवडून त्यांच्या स्वतंत्र ओळी वाढवल्या. याचा अर्थ, मुळाची ठेवण वाणात उतरते, ती केवळ मातीची करणी नाही. आपल्याकडच्या जाती, राहुरी विद्यापीठाची आरएल-८८, गुजरातची आणंद-२, कोइमतूरची सीओ-१, या उष्ण हवेतल्या, थंडीत न झोपणाऱ्या. अशा घासाची सर्वसाधारण ठेवण म्हणजे खोल सोटमूळ, उभी वाढ, कापल्यावर झटकन फुटवा आणि त्या मानानं अरुंद बुडखा. म्हणून तर आरएल-८८ वर्षात दहा-बारा कापण्या आणि हेक्टरी हजार क्विंटलांच्या घरात हिरवा चारा देते. पण बुडखा अरुंद म्हणजे डोळे मोजके. हे झटपट फुटणारं पीक घाईच्या विळ्यानं लवकर थकतं. लुधियानाची एलएलसी-३ मुळात वार्षिक धाटणीची. तिच्याकडून तिसऱ्या वर्षाची अपेक्षा ठेवणं हा तिच्यावरच अन्याय.

जातीचं बोलतोय तर इथे ग्रिमचं सांगायलाच हवं. दोन मिनिटं घेतो. वेंडेलिन ग्रिम नावाचा एक जर्मन शेतकरी १८५७ मध्ये बाडेन प्रांतातून अमेरिकेत मिनेसोटाला गेला. बरोबर वीस पौंडांच्या आत घासाचं बी. पुढच्या वर्षी पेरलं. तिथली थंडी अशी की बरीच रोपं मेली. जी जगली त्यांचं बी धरलं, परत पेरलं. परत मेली, परत जगलेल्यांचं बी. वर्षानुवर्षं हेच. सांगतात की मक्याच्या टंचाईच्या एका साली त्याची गुरं धष्टपुष्ट बघून शेजाऱ्यांनी विचारलं, मका कुठून आणलास? मक्याचा दाणाही नाही, नुसता घास, असं त्यानं उत्तर दिलं. तिथल्या विद्यापीठाचं लक्ष तिकडे जायला विसावं शतक उजाडावं लागलं. मग कळलं की त्याच्या घासात पिवळ्या फुलाच्या भाऊबंदाचा अंश होता आणि बर्फानं त्यातली टिकाऊ रोपं निवडून दिली होती. ग्रिम मुळांचा शास्त्रज्ञ नव्हता. पण कोणतं रोप हिवाळा काढून परत फुटलं, याच एका कसोटीवर त्यानं बी धरलं. (अध्यक्ष घड्याळ दाखवतात.) हो, दोन मिनिटांची सात झाली, दिसतंय मला. पण अमेरिकेतून परत येताना एवढं घेऊनच येऊ, की आपल्याकडे घास मारतो तो बर्फ नव्हे, तर भाद्रपदातलं साचलेलं पाणी आणि त्यावरचं ऊन.

पहिला आक्षेप इथूनच निघतो. आपल्या घोड नदीच्या खोऱ्यात डिंभे धरणाचं पाणी आलं, विहिरी भरल्या, मग खोल मुळीचं कौतुक कशाला? माझं उत्तर असं, की पाणी आलं म्हणूनच मुळीची काळजी वाढली. मुळाला श्वास लागतो. भारी काळ्या रानात पाट भरून सोडला, वर ऊस शेजारी, जमीन चिबड होत चालली, की सोटमूळ खालच्या टोकाकडून कुजतं. वरून पानं पिवळी दिसतात आणि आपण युरिया टाकतो. अशा रानात फांदीमुळी ठेवण तग धरते, कारण तिचा पसारा वरच्या, हवेशीर थरात असतो. तसं बियाणं हाताशी नसेल तर निचऱ्याचा चर काढा, वाफा उंच करा. जात बदलता आली नाही तरी मुळाची परिस्थिती बदलता येते. मुरमाड उतारावर उलट. तिथे खाली कठीण थर लागला की सोटमुळाचं टोकही फाटे फोडतं, आणि चांगल्या जातीचाही उतारा कमी भरतो. म्हणून शेजाऱ्याच्या वाफ्यावरून आपल्या रानाची जात ठरत नाही.

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे. घास पाणी पितो. पितोच, मी वकिली करणार नाही. एक किलो सुका चारा तयार करायला मक्यापेक्षा त्याला बरंच जास्त पाणी लागतं. खोल मुळी पाणी वाचवत नाही. एखादी पाळी चुकली तर ती पीक जगवते, एवढंच तिच्याकडून मागा. तिसरा आक्षेप मागच्या रांगेतून आला, की तीन वर्षं वाफा अडकवून ठेवण्यापेक्षा दोन कांदे निघतील. (हशा) मान्य. ज्याला वर्षानं रान मोकळं हवं त्यानं वार्षिक धाटणीचीच जात घ्यावी, तिला मुळीची परीक्षा नाही. पण बहुवार्षिक बियाणं घेऊन वर्षात नांगरणारा खोल मुळीवर खर्च करतो आणि तिचा लाभ सोडून देतो. नांगरलंच तर त्याच वाफ्यात लगेच पुन्हा घास टाकू नका. जुना घास मातीत अशी द्रव्यं सोडतो की नव्या रोपाचं मूळ खुरटतं. मधे एखादं वेगळं पीक घ्या. मुळांनी ठेवलेला नत्र त्याला मिळेल.

वेळ संपली, चिठ्ठी आलीय. तेव्हा कसोटी तेवढी सांगतो. विस्कॉन्सिनकडे कृषी सल्लागार एका चौरस फुटातले फुटवे मोजतात. ५५ च्या वर असले तर पीक भरात, ४० च्या खाली गेले तर मोडायचा विचार करा. आणि ते मुळं उभी चिरून बघतात. आकडे त्यांच्या हवेचे आहेत, पद्धत आपल्यालाही चालेल. कापणीनंतर वाफ्याच्या चार ठिकाणची मिळून आठ-दहा मुळं खणा, उभी चिरा. आतून पांढरं आणि टणक असेल तर जात, निचरा आणि विळा तिन्ही बरोबर. तपकिरी पोकळी दिसली तर आधी पाणी आणि कापणीचं अंतर तपासा, बियाण्याला दोष नंतर. हे काम पहाटे मात्र करू नका. उसाच्या कडेला वाकून बसणं आपल्या भागात शहाणपणाचं नाही, बिबट्याला व्याख्यान ऐकायचं नसतं. (मोठा हशा)

शेवटची विनंती. येत्या हंगामात सुटं, बिननावाचं बियाणं घेऊ नका, त्यातून अमरवेलही येते. दोन नावाच्या जाती एकाच रानात शेजारी शेजारी टाका, एकाच विळ्यानं एकाच दिवशी कापा, आणि तीन वर्षं नोंद ठेवा. नारायणगावचं कृषी विज्ञान केंद्र लांब नाही, तिथल्या तज्ज्ञांना वाफ्यावर बोलवा. मग तिसऱ्या वर्षी मुळं खणून जात ठरवा, आणि ती ठरली की गावाला सांगा.