विहिरीवरच्या आसरा

मागच्या वेळी एका बचत गटातून निरोप आला होता, की आसरांबद्दल काहीतरी सांगा. आज तेच बोलू.

आपल्या नांदेड-लातूरकडं जुन्या विहिरीवर, बारवेत, नदीच्या काठाला शेंदूर लावलेले सात दगड दिसतात. त्या साती आसरा. नव्या विहिरीला पाणी लागलं की आपण आधी त्यांची पूजा करतो. आसरा म्हणजे अप्सराच. अप् म्हणजे पाणी, त्यात वावरते ती अप्सरा. सातजणींची नावं मत्सी, कूर्मी, कर्कटी, दर्दुरी, जतुपी, सोमपा, मकरी अशी सांगतात. यात मासा आहे, कासव आहे, खेकडा, बेडूक, मगरही आहे. हे जीव नांदतात तिथं पाणी जिवंत असतं. 2016 च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तेव्हा या सातजणी कुठं गेल्या असतील कोण जाणे!

न मरणारी अप्सरा आणि मरणारा माणूस यांची गोष्ट फार जुनी आहे. उर्वशीनं पुरूरवा राजाशी संसार मांडला, पण अट घालून. तू मला कधी उघडा दिसता कामा नये, म्हणाली. तिची दोन लाडकी मेंढरं पलंगाला बांधलेली असत. गंधर्वांना ती परत हवी होती. त्यांनी रात्री मेंढरं पळवली. ती ओरडली, राजा तसाच उठून धावला आणि गंधर्वांनी वीज चमकवली. अट मोडली, उर्वशी गेली. राजा रानोमाळ हिंडला. शेवटी एका तळ्यात अप्सरा पाणपक्षी होऊन पोहत होत्या, तिथं ती सापडली. त्यानं खूप विनवलं, पण ती घरी परतली नाही. वर्षानं एक रात्र ये, एवढंच म्हणाली. पुढं अग्नीची उपासना करून राजाच गंधर्व झाला, असं शतपथ ब्राह्मणात आहे.

इंग्रजीत टॉल्किन नावाच्या लेखकानं याच्या उलटं लिहिलं. त्याची लूथिएन एल्फ लोकांतली, म्हणजे म्हातारपण नसलेली. बेरेन हा साधा माणूस. त्याच्यासाठी तिनं आपलं अमरपण सोडलं आणि मरण पत्करलं. टॉल्किनची बायको एडिथ 1971 साली गेली, तो 1973 साली. ऑक्सफर्डला दोघांच्या कबरीवर त्यांच्या नावांखाली लूथिएन आणि बेरेन ही नावं कोरलेली आहेत.

दोन्ही गोष्टींत अट घालायची की अमरपण सोडायचं, हे त्या बाईनं ठरवलं. आपल्या गावातली आसरा मात्र माणसाला ओढून नेते, असं सांगतात. भर दुपारी, तिन्हीसांजेला एकटीनं पाण्यावर जाऊ नको, हे आजीचं सांगणं आम्हाला पटतं. पायऱ्या निसरड्या, कठडा नाही, हाक मारली तर ऐकायला कुणी नाही. भीती घालून का होईना, तिनं पोरी वाचवल्या.

पण घरातली सून विहिरीत सापडते आणि दिवस उजाडायच्या आत गावभर होतं, ‘आसरांनी नेली.’ मग तिच्या घरात काल काय झालं, ती माहेरी काय सांगून आली होती, हे कुणी विचारत नाही. आम्हीही पूर्वी विचारलेलं नाही. मान खाली घालून मयताला जाऊन आलो.

लग्नाला सात वर्षं व्हायच्या आत बाई संशयास्पद रीतीनं गेली, तर शवविच्छेदन करावंच लागतं, कायदा आहे. ‘कशाला चिरफाड, आसरांचं काम आहे’ असं कुणी म्हणालं, तरी अंत्यविधीची घाई होऊ देऊ नका. 112 ला फोन करा, माहेरी कळवा. आणि जिवंतपणी जी बाई घाटावर गप्प बसते, तिच्याशी आधी बोला. त्रास असेल तर महिलांसाठी 181 हा नंबर आहे.

आसरांची ओटी आम्ही भरतो, पुढंही भरू. तुमच्या गावातल्या आसरा कोणत्या विहिरीवर आहेत, त्या विहिरीला कठडा आहे का, हे गटाच्या बैठकीत बघा आणि आम्हाला कळवा. पुढच्या कार्यक्रमात वाचून दाखवू.