विकत घेणें म्हणजे काय?

१९०८ सालीं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढें वरवर क्षुल्लक दिसणारा एक खटला आला. 'द कॅस्टअवे' नांवाच्या कादंबरीच्या प्रकाशकानें पुस्तकाच्या आरंभींच अशी सूचना छापली होती कीं, हें पुस्तक एक डॉलरहून कमी किंमतीस कोणीं विकूं नये. विकल्यास तो ग्रंथस्वामित्वाचा भंग मानला जाईल. न्यूयॉर्कच्या मेसी नांवाच्या मोठ्या दुकानानें तें ८९ सेंटांस विकावयास काढलें. प्रकाशक न्यायालयांत गेला आणि हरला. न्यायालयाचा निवाडा असा कीं, पुस्तक छापण्याचा व प्रथम विकण्याचा हक्क स्वामित्वधारकाचा खरा; परंतु एकदां प्रत विकली, कीं ती पुढें कोणीं किती किंमतीस विकावी हें ठरविण्याचा अधिकार त्यास उरत नाहीं.

जुन्या पुस्तकांचीं दुकानें याच तत्त्वावर चालतात. वाचनालय एकच प्रत शंभर वाचकांस देतें, आजोबांचा ग्रंथसंग्रह नातवाकडे येतो, तोही याच तत्त्वावर. मजकूर लेखकाचा, पण प्रत घेणाराची, असा हा सरळ विवेक आहे. मात्र संगणकाच्या युगांत हाच विवेक डळमळूं लागला आहे, आणि त्यावरून खेळाडू, कंपन्या, न्यायालयें व विधिमंडळें यांच्यांत मोठा वाद माजला आहे.

वाद समजण्यासाठीं आधीं हा हक्क कशासाठीं निर्माण झाला तें पाहिलें पाहिजे. इंग्लंडांत १७१० सालीं अंमलांत आलेल्या कायद्यानें नव्या पुस्तकाच्या लेखकास १४ वर्षांचा हक्क दिला; ती मुदत संपतांना लेखक हयात असल्यास आणखी १४ वर्षें. विद्येस उत्तेजन देणें हा त्या कायद्याचा उद्देश त्याच्या नांवांतच सांगितलेला होता. हा एक करारच होता म्हणावयाचा. समाजानें लेखकास कांहीं काळ मक्ता द्यावा, लेखकानें त्यावर निर्वाह करावा, आणि मुदत सरल्यावर कृति सर्वांची व्हावी. पुढें मुदती वाढत गेल्या, पण कराराचें स्वरूप तेंच राहिलें. भारताच्या १९५७ च्या कायद्याप्रमाणें आज ही मुदत लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षें आहे. साने गुरुजी १९५० सालीं निवर्तले. त्यांचें लेखन १ जानेवारी २०११ पासून सर्वांस खुलें झालें. आतां त्यांचें पुस्तक कोणीही छापावें आणि घरोघर पोंचवावें. समाजाचा वाटा समाजास मिळाला तो असा.

येथें एक गोष्ट मात्र गृहीत धरलेली असते, ती ही कीं मुदत संपेपर्यंत कृति कोठेंतरी शिल्लक राहील. कागदाच्या पुस्तकाची ती चिंता नसते; एका कपाटांतील प्रत वाळवीनें खाल्ली, तरी दुसऱ्या कपाटांतील वांचते. संगणकावरील कृतीची स्थिति तशी राहिलेली नाहीं.

जुलै २००९ मध्यें अमेरिकेंत घडलेली घटना पाहावी. ॲमेझॉन कंपनीच्या 'किंडल' या वाचनयंत्रावर कित्येकांनीं जॉर्ज ऑर्वेलचीं '१९८४' आणि 'ॲनिमल फार्म' हीं पुस्तकें पैसे देऊन घेतलीं होतीं. ज्यानें तीं विक्रीस ठेवलीं त्यास अमेरिकेंत तसा हक्क नव्हता, हें मागाहून उघडकीस आलें. तेव्हां कंपनीनें पैसे परत केले आणि लोकांच्या यंत्रांतून तीं पुस्तकें दुरूनच पुसून टाकलीं. गैरसोयीचे कागद नाहींसे करणाऱ्या राजवटीची कथा ज्यांत आहे, नेमकें तेंच पुस्तक असें नाहींसें व्हावें, हा दैवाचा विनोदच! एक शाळकरी मुलगा अभ्यासासाठीं तें वाचून टिपणें करीत होता. टिपणें उरलीं, पण ज्या मजकुराला धरून तीं केलीं होतीं तोच गेल्यानें तीं निरर्थक झालीं. तो न्यायालयांत गेला. कंपनीनें तडजोड केली, आणि तिच्या प्रमुखानें जाहीर क्षमा मागितली. कंपनीचा हेतु वाईट होता असें नव्हे. दुसऱ्याच्या हक्काचा भंग तिला थांबवावयाचा होता. परंतु छापील पुस्तकाचा दुकानदार रात्रीं गिऱ्हाइकाच्या घरांत शिरून, मेजावर पैसे ठेवून, पुस्तक घेऊन जात नाहीं. येथें तें शक्य झालें, कारण दुकानाची किल्ली विक्रीनंतरही दुकानदाराच्याच हातीं राहिली होती.

खेळांच्या बाबतींत हा प्रश्न अधिकच तीव्र आहे. युबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीनें डिसेंबर २०१४ मध्यें 'द क्रू' नांवाचा मोटारींच्या शर्यतीचा खेळ बाजारांत आणला. खेळणारा एकटाच असला, तरी त्याचें यंत्र कंपनीच्या सर्व्हरशीं जोडलेलें असल्यावांचून हा खेळ चालत नसे. ३१ मार्च २०२४ रोजीं कंपनीनें ते सर्व्हर बंद केले. ज्यांनीं पुरे पैसे मोजले होते त्यांच्या कपाटांत तबकडी राहिली, खेळ मात्र राहिला नाहीं. यावरून 'स्टॉप किलिंग गेम्स' ही चळवळ उभी राहिली. युरोपीय संघापुढें नागरिकांच्या वतीनें मांडलेल्या तिच्या मागणीनें जुलै २०२५ मध्यें दहा लाख सह्यांचा टप्पा ओलांडला.

कंपन्यांची बाजूही नीट ऐकली पाहिजे. सर्व्हर चालविण्यास रोजचा खर्च येतो, आणि खेळणारे मूठभर उरले म्हणजे तो परवडत नाहीं. खेळांतील मोटारींचीं नांवें व गाणीं बहुधा ठराविक मुदतीच्या करारानें घेतलेलीं असतात. शिवाय कागदाची प्रत उसनी दिली कीं देणाराजवळ ती राहात नाहीं. संगणकावरील प्रत मात्र एकाची हजार, आणि हजारही मुळासारखींच, अशी क्षणांत होते. म्हणून कंपन्या म्हणतात, 'आम्ही वस्तु विकीत नाहीं, वापरण्याचा परवाना देतों.'

यावर चळवळीचें उत्तर असें कीं, सर्व्हर अखंड चालू ठेवा असें कोणीच म्हणत नाहीं. खेळ मोडतांना तो जोडणीवांचून चालेल, किंवा खेळणारांस स्वतःच्या सर्व्हरवर चालवितां येईल, एवढी सोय करून निरोप घ्यावा. हें अशक्य नाहीं. त्याच कंपनीनें सप्टेंबर २०२४ मध्यें, त्या मालिकेंतील पुढच्या खेळांसाठीं अशी सोय करण्याचें जाहीर केलें. वादांतील कित्येक तरुण मात्र याही पुढें जाऊन म्हणतात कीं, पैसे देऊनही मालकी मिळत नसेल, तर न देतां नक्कल करण्यांत चोरी कसली? हा युक्तिवाद चटकदार आहे, पण खरा नाहीं. विकणाराची लबाडी हें घेणाराच्या लबाडीचें समर्थन होऊं शकत नाहीं. ज्यांनीं चित्रें काढलीं, आज्ञावली लिहिली, त्यांच्या श्रमाचें मोल त्यामुळें बुडतेंच.

न्यायालयांचेंही एकमत झालेलें नाहीं. युरोपीय संघाच्या न्यायालयानें २०१२ सालीं सांगितलें कीं, कायमच्या परवान्यानें घेतलेली संगणक-आज्ञावली घेणारास पुन्हां विकतां येते. त्याच न्यायालयानें २०१९ सालीं इ-पुस्तकांस तोच नियम लावण्याचें नाकारलें. अमेरिकेंत २०१८ सालीं एका अपील न्यायालयानें, संगणकावरील गाणें दुसऱ्यास विकतांना त्याची नवी प्रत तयार होते, म्हणून ती विक्री बेकायदा ठरविली. १९०८ चें तत्त्व कागदावर कायम राहिलें, पण कागद सोडून पुढें आलें नाहीं. कॅलिफोर्निया राज्यानें मात्र एक साधें पाऊल टाकलें. १ जानेवारी २०२५ पासून तेथें, मिळतो तो केवळ परवाना आहे असें स्पष्ट सांगितल्यावांचून, अशा मालास 'विकत घ्या' हे शब्द लावतां येत नाहींत. या कायद्यानें कोणास मालकी मिळाली नाहीं, पण निदान शब्दांचा खरेपणा तरी मिळाला.

एवढ्यानें प्रश्न सुटत नाहीं. या वादांत दोनच पक्ष बोलतात, विकणारा आणि घेणारा. मूळ करारांत तिसराही पक्ष होता, तो म्हणजे पुढें येणारा समाज. कंपनीसाठीं पगारावर निर्माण केलेल्या कृतीचें स्वामित्व अमेरिकेंत प्रकाशनापासून ९५ वर्षें चालतें. या हिशेबानें २०१४ चा खेळ तेथें २११० सालीं सर्वांचा होईल. पण जो दहा वर्षेंही टिकला नाहीं, त्यांतलें त्या सालीं सर्वांस काय मिळणार? मक्ता संपेल त्या दिवशीं हातीं येईल ती रिकामी पेटी. समाजानें आपल्या बाजूचें वचन पाळावें आणि मोबदला मिळण्यापूर्वीं माल नष्ट व्हावा, याला करार म्हणतां येत नाहीं.

खेळासाठीं एवढा खल कशाला, असें कोणी म्हणेल. परंतु जी गत आज खेळाची, तीच घरोघर साठत चाललेल्या पुस्तकांची, गाण्यांची आणि चित्रपटांची आहे. या परवान्यांपैकीं बहुतेक दुसऱ्याच्या नांवें करतां येत नाहींत. वडिलांनीं हौसेनें जमविलेलीं पांचशें पुस्तकें कपाटांत असलीं, तर मुलगी त्यांतील एक काढून वाचते, आणि समासांतील त्यांचें अक्षर पाहून क्षणभर थांबते. तींच पुस्तकें परवान्याचीं असलीं, तर वडिलांबरोबर त्यांचाही निरोप घ्यावा लागतो. म्हणून लेखकाचा हक्क अबाधित राखूनही दोन गोष्टी मागणें रास्त आहे. विकतांना खरें सांगावें, आणि दुकान बंद करतांना घेणाराची वस्तु त्याच्या हातीं चालत्या स्थितींत द्यावी. साधा वाणीसुद्धां दुकान मोडतांना गिऱ्हाइकाची ठेव परत करतो. एवढ्या मोठ्या व्यापारानें त्याहून कमी सचोटी कां दाखवावी?