आमची आवड आम्ही ठरवू



संमेलनाच्या अध्यक्षाला हे विचारपीठ एकदाच मिळतं. त्यामुळे मी गुळमुळीत बोलणार नाही. ज्या वादापायी माझ्या निवडीला विरोध झाला, त्याच वादावर बोलणार आहे. माझ्या निवडीला विरोध करणारा तो लेख आपण सगळ्यांनी वाचला आहे. मराठवाड्याच्या वाचकाला इंग्रजी कवी ग्रेची 'एलेजी' आवडते, एलियटची 'वेस्ट लँड' आवडत नाही, म्हणजे त्याची अभिरुची दीडशे वर्षं मागे आहे, असा त्याचा सूर होता. लेखकाचं नाव मी घेत नाही. ते इथे आले आहेत आणि त्यांनी नीट ऐकावं, एवढीच माझी इच्छा आहे.

अभिरुची पुढे आहे की मागे, हे मोजायची फूटपट्टी तुम्हाला कुणी दिली? १८६१ साली पालग्रेव्हने टेनिसनच्या सल्ल्याने 'गोल्डन ट्रेझरी' हा इंग्रजी कवितांचा संग्रह केला. हयात कवी घ्यायचे नाहीत, हा त्याचा नियम. पण कधीच निवर्तलेले डन आणि ब्लेकही त्याने त्या पहिल्या आवृत्तीत घेतले नाहीत. एका माणसाची ती निवड पिढ्यान् पिढ्या अभिरुची म्हणून शिकवली गेली. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात तर खुद्द वर्ड्सवर्थचा नातू प्राचार्य होता! तिथल्या विद्यार्थ्यांना 'डॅफोडिल्स' आवडली नसती तरच नवल. पुढे १९२१ साली एलियटने डन आणि त्याच्या पंथावर निबंध लिहिला आणि वारं फिरलं. कालपर्यंत दाराबाहेर उभा असलेला डन आज गाभाऱ्यात. कविता तीच होती. दारावरचा माणूस बदलला.

केशवसुतांनी त्या इंग्रजी वाचनातून मराठीत सुनीत आणलं, त्यांच्यापुढे मी नतमस्तक आहे. माझं भांडण त्यांच्या नावावर आम्हाला अडाणी ठरवणाऱ्यांशी आहे. इथे मराठवाड्यात निजामाचं राज्य होतं. १९१८ साली निघालेल्या उस्मानिया विद्यापीठात उर्दूतून शिकवत. नांदेडला पीपल्स कॉलेज निघालं १९५० साली. इंग्रजी कविता आमच्याकडे उशिरा आली, हे खरं. पण ती आली तेव्हा तिला आधीच हात जोडून बसलेलं इथे कुणी नव्हतं. त्याच कॉलेजात शिकवणाऱ्या नरहर कुरुंदकरांनी मर्ढेकरांच्या सौंदर्यविचाराची चिकित्सा केली, ती कुणाची परवानगी घेऊन?

आता 'एलेजी'कडे या. १७५१ सालची कविता. दिवस मावळतोय, जनावरं परततायत, दमलेला नांगऱ्या घराकडे निघालाय. आखाड्यावरून औत सोडून येणारा सालगडी ज्याने पाहिला आहे, त्याला तळटीप लागत नाही. आणि ती फक्त देखाव्याची कविता नाही. या मातीखाली एखादा मिल्टन निजला असेल, दारिद्र्याने त्याला बोलू दिलं नाही, असं ग्रे म्हणतो. आमचे बी. रघुनाथ १९५३ साली चाळिशीतच गेले. पोटासाठी सरकारी नोकरी करत त्यांनी लिहिलं, आणि मराठवाड्याबाहेर त्यांना किती जणांनी वाचलं? ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर मी किल्लारीला मदतीला गेलो होतो. एकेका चितेवर कितीजण ठेवले होते, नावं सांगायलाही घरातलं माणूस उरलं नव्हतं. त्या रात्री माझ्या डोक्यात ग्रे होता. ज्यांच्यावर कुणी चरित्र लिहिणार नाही त्यांनाही कुणीतरी आठवावं असं वाटतं, हे त्या कवितेइतकं नेटकं मला दुसऱ्या कुणी सांगितलेलं नाही. ही माझी अभिरुची आहे आणि मी ती कुणाकडून उसनी आणलेली नाही.

'वेस्ट लँड' मोठी कविता आहे. पहिल्या महायुद्धानंतरचं लंडन तिच्यात आहे. पण तोच कोरडेपणा मर्ढेकरांनी अभंग-ओवीच्या चालीत आणला आणि तो आमच्या वाचकाने स्वीकारला. मग दोष वाचकाच्या बुद्धीचा कसा?

किपलिंगच्या 'इफ'चंही तेच. मुंबईत जन्मलेल्या या कवीच्या कवितेला १९९५ साली बीबीसीच्या प्रेक्षकांनी ब्रिटनची सर्वांत लाडकी कविता ठरवलं. शिकायला लातूरला खोली करून राहणारं, घर आठवून रडणारं लेकरू ती भिंतीवर चिकटवतं, कारण तिच्यात बाप मुलाला धीर देतो. मी त्या लेकराला नावं ठेवणार नाही. मात्र ही कविता किपलिंगला ट्रान्सवालवर चढाई करणाऱ्या जेमसनवरून सुचली, हे त्याला सांगितलं पाहिजे.

आणि सांगणार कोण? बारावीच्या इंग्रजीच्या पुस्तकात बायरनची 'शी वॉक्स इन ब्यूटी' आहे आणि आपल्या दिलीप चित्र्यांची 'फादर रिटर्निंग होम'ही आहे. लोकलने दमून घरी येणारा बाप आणि चांदण्यांनी भरलेल्या रात्रीसारखी सुंदर स्त्री, दोन्ही एकाच पुस्तकात. कोणती जवळची वाटते आणि का, हे कुणी विचारतच नाही. विचारतात ते यमकरचना, अलंकार, मध्यवर्ती कल्पना. गाइडमधला आस्वाद पाठ करायचा, गुण घ्यायचे. खेड्यापाड्यातल्या शिक्षकांना मी दोष देत नाही, ते प्रश्नपत्रिकेला बांधलेले आहेत.

म्हणून उद्याच्या खुल्या अधिवेशनात मी ठराव मांडणार आहे: बोर्डाने पाठ केलेल्या आस्वादाचा प्रश्न काढावा, न वाचलेल्या दोन कविता समोर ठेवाव्यात आणि विद्यार्थ्याने आपली निवड कारणांसह लिहावी. उत्तर कोणतंही असो, कारणांना गुण. ज्यांना हे मान्य नाही त्यांनी पुन्हा लेख लिहू नयेत. उद्या याच मांडवात उभं राहून विरोध करावा. मी उत्तर द्यायला हजर आहे.